चेकडिस्क मारलं, फॉरमॅट मारलं, तरी हार्ड डिस्कचा एरर परत येतो? आधी कारण शोधा

कॉम्प्युटर चालू केला की काळ्या स्क्रीनवर ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राईव्ह’ येतं, टक्के रेंगाळत शंभरावर जातात, विंडोज उघडतं, काही दिवस सगळं छान चालतं आणि मग एका सकाळी परत तेच. नाहीतर डी ड्राईव्हमधला फोल्डर उघडायला गेलं की ‘करप्टेड अँड अनरीडेबल’ असा मेसेज, आणि आत मुलाच्या बारशाचे फोटो. माझ्या ओळखीपाळखीत दर उन्हाळ्यात कोणाचा न कोणाचा याच्यासाठी फोन येतो, आणि बहुतेकांनी तोवर दोनच गोष्टी केलेल्या असतात, स्वतः चेकडिस्क मारलेलं असतं नाहीतर दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आणलेलं असतं. म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

पहिले हे समजून घ्या की चेकडिस्क करतं काय. डिस्कवर कोणती फाईल कुठे ठेवलीय याची एक वही असते असं धरा, चेकडिस्क त्या वहीतली खाडाखोड नीट करतं, न जुळणाऱ्या नोंदी जुळवतं, ज्या जुळतच नाही त्या काढून टाकतं. वही कोण खराब करून राह्यलंय हे ते बघत नाही. फॉरमॅट म्हणजे तर कोरी वही. ती पहिले काही दिवस स्वच्छ दिसणारच, दुकानवाला म्हणतो झालं भाऊ, आपणही पैसे देऊन घरी येतो. पण खराब करणारा तिथेच बसलेला आहे न.

विंडोजची फाईल सिस्टीम, म्हणजे ही वही ठेवायची पद्धत, एनटीएफएस, १९९३ साली विंडोज एनटी ३.१ सोबत आली. तिच्यात जर्नल असतं, म्हणजे कुठलाही बदल करायच्या आधी तो लॉगमध्ये टिपून ठेवला जातो, मधेच लाईट गेली तर पुढच्या वेळी त्या लॉगवरून गाडी रुळावर येते. म्हणजे लाईट गेली की फाईल सिस्टीम मोडलीच पाहिजे असं काही नाही, तब्येतीनं चांगली डिस्क असे बरेच झटके पचवते. (तुम्ही टाईप करत होतात तो मजकूर मात्र जर्नल वाचवत नाही, ते फक्त रचना वाचवतं.) म्हणून एरर एकदा आला आणि गेला तर मी फार मनावर घेत नाही. पण परत परत येत असेल तर पक्कं समजा की डिस्क, केबल, रॅम, पॉवर, सेटिंग यातलं कोणीतरी एक चुकतंय, आणि ते सापडेपर्यंत कितीही रिपेअर करा, उपयोग नाही.

शोधाशोध सुरू करायच्या आधी डेटा बाहेर काढा. कळकळीनं सांगतो, आधी डेटा. लोक घाबरून थेट चेकडिस्क स्लॅश आर मारतात, ते अख्खी डिस्क सेक्टर न सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) वाचतं, तासन् तास, आणि डिस्क जर आधीच शेवटच्या घटका मोजत असेल तर त्याच ताणानं ती जाते. वर चेकडिस्क जे जुळत नाही ते कापतं, म्हणजे ज्या फोल्डरसाठी तुम्ही हे करून राह्यले तोच जायचा. म्हणून फोटो, सातबारा-रजिस्ट्रीचे स्कॅन, टॅक्सचे कागद, मुलांचे प्रोजेक्ट, टॅलीचा डेटा, जे परत मिळणार नाही ते आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. कॉपी एखाद्या फाईलवर अडकली तर ती सोडून पुढे जा, पहिले सोपं ते काढा. आणि डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर काहीच करू नका, बंद करा, प्लग काढा, डेटा महत्त्वाचा असेल तर रिकव्हरीवाल्याकडेच न्या.

डेटा सुरक्षित झाला की डिस्कची तब्येत बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते टाका. वर निळ्या रंगात ‘गुड’ दिसलं म्हणून लगेच बंद करू नका, खालचे आकडे वाचा. रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडे, सुरुवातीला हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पद्धतीत) असतात, मेनूतल्या फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज मध्ये जाऊन दहाच्या पद्धतीत आणा म्हणजे डोकं शिणणार नाही. बघायच्या ओळी चारच. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली जागेवर हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले. आणि सी७, जी मला सगळ्यात आवडते कारण तिकडे कोणाचं लक्षच नसतं, ती म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये डेटा येता-जाता झालेल्या चुका. सी५, सी६ मध्ये आकडा आहे आणि वाढतोय तर डिस्क बदला, दुसरं औषध नाही. ०५ मध्ये थोडा आकडा आहे पण महिनोन् महिने तिथेच स्थिर आहे तर डिस्क दुय्यम कामाला चालेल, पण एकुलता एक डेटा तिच्यावर ठेवू नका. आणि सी७ वाढतोय, बाकी तिन्ही शून्य, तर डिस्कचा बहुतेक काही दोष नाही, केबल बघा. एक आणखी, सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत प्रचंड मोठे आकडे दिसतात, त्यांची लिहायची पद्धतच वेगळी आहे, त्यानं धसका घेऊ नका.

आकड्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि आठवड्याभरानं परत बघा. एका दिवसाचा आकडा फार काही सांगत नाही, वाढ सांगते.

नागपूरला मानेवाड्यात आमचे एक काका राहतात, घरून अकाउंटचं काम करतात, त्यांचा डी ड्राईव्ह असाच सारखा बिघडत होता. दुकानात फॉरमॅट झालं, परत तेच, मग दुकानवाला म्हणे डिस्क गेली, नवी घ्या. मी गेलो तर ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य आणि सी७ मध्ये भला मोठा आकडा. काकांच्या डेस्कटॉपवरचा एक मोठा फोल्डर डी ड्राईव्हवर कॉपी करायला लावला आणि परत बघितलं, आकडा तेवढ्यात वाढलेला. मशीन बंद केली, प्लग काढला, कॅबिनेटची बाजूची पत्री उघडली. डिस्क मदरबोर्डला जोडणारी लाल साटा केबल त्या पत्रीला घासून कडक वळलेली होती, डिस्ककडच्या टोकाची लोखंडी क्लिप तुटलेली, आणि नुसतं दोन बोटांनी धरलं तर टोक हातात आलं. पंखा फिरला, कोणी टेबलाला धक्का दिला की ते जरासं हलत असणार. क्लिपवाली चांगली केबल लावली, मदरबोर्डवरचं पोर्टही बदललं. सी७ चा आकडा तिथेच थांबला. हा आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही बरं का, तो फक्त वाढायचा थांबतो, तेवढंच बघायचं. जी डिस्क फेकायला निघाले होते ती चांगली निघाली, आणि केबल काय, शे-दीडशे रुपयांत बर्डीच्या बाजारात मिळते.

पण काकांकडे गोष्ट इथेच संपली नाही. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही, उघडलं तर वेगळंच दिसलं, आणि हे इव्हेंट व्ह्यूअर प्रत्येकानं बघायला शिकलंच पाहिजे असं माझं मत आहे. स्टार्टमध्ये नाव टाईप करून उघडा, विंडोज लॉग्स, मग सिस्टम, मग उजवीकडे फिल्टर, आणि त्यात हे नंबर टाका: ७, ११, ४१, ५१, ५५, १२९, १५३. आता ५५ म्हणजे एनटीएफएस स्वतः सांगते की माझी रचना बिघडली. हा झाला परिणाम. कारण त्याच्या आसपासच्या वेळेला शोधायचं. ७ म्हणजे खराब ब्लॉक, डिस्ककडे बोट. ११, १२९, १५३ म्हणजे डिस्कनं वेळेत उत्तर दिलं नाही, कंट्रोलरला गडबड वाटली, परत विचारावं लागलं, इथे केबल, पोर्ट, पॉवर सप्लाय आणि मग डिस्क, या क्रमानं संशय घ्यायचा. ५१ म्हणजे पेजिंगच्या वेळी, रॅममधलं डिस्कवर ठेवता-आणताना, डिस्क अडखळली. ४१ म्हणजे मशीन नीट शटडाऊन न होता बंद झाली. ४१ आणि मग लगेच ५५, परत ४१ आणि ५५, अशी जोडी दिसली की लाईटीचा घोळ. आणि नुसतेच ५५, वेगवेगळ्या फाईलींवर, ना ७ ना १५३ ना ४१, असं दिसलं की माझा पहिला संशय रॅमवर. आपोआप झालेल्या चेकडिस्कनं काय काय दुरुस्त केलं ते ॲप्लिकेशन लॉगमध्ये विनइनिट या सोर्सखाली १००१ नंबरला लिहिलेलं सापडतं, दर वेळी त्याच फाईलचं नाव येतं की वेगवेगळ्या हे तिथे कळतं.

काकांच्या लॉगमध्ये ४१ ची रांग होती, आणि बहुतेक दुपारच्या वेळेच्या. काका म्हणाले, अरे पण यूपीएस आहे न, हिरवा लाईट तर लागून राह्यला. हिरवा लाईट भिंतीतून करंट येतोय एवढंच सांगतो, आतली बॅटरी जिवंत आहे हे नाही सांगत. घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची छोटी लेड-ॲसिड बॅटरी असते, तिचं आयुष्य साधारण दोन-तीन वर्षं, आणि उष्णतेनं ते आणखी कमी होतं, आपल्याकडे मे महिन्यात खोलीचंच काय होतं ते वेगळं सांगायला नको. तपासायचं असेल तर कॉम्प्युटर लावून तपासू नका, त्याच्याजागी जुना शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावा आणि यूपीएसचं भिंतीतलं बटण बंद करा. बल्ब लगेच विझला तर बॅटरी गेली. काकांकडे डोळ्याची पापणी लवायच्या आत विझला. बॅटरी बदलून मिळते, अख्खा यूपीएस घ्यायची गरज नसते.

ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे ते म्हणतात आम्हाला यूपीएस कशाला. बरोबर आहे, पण एक बघा. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय लाईट गेल्यावर स्वतःच्या जोरावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, तेवढ्यात इन्व्हर्टरनं सूत्रं हातात घेतली पाहिजे. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला इको किंवा नॉर्मल. कॉम्प्युटर त्या लाईनवर असेल तर ते यूपीएसवरच हवं, नाहीतर पंखा-लाईटला कळतही नाही आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. स्क्वेअर वेव्हवाला, म्हणजे चौकोनी लहरीची वीज देणारा, जुना इन्व्हर्टर असेल तर मी कॉम्प्युटर त्याच्यावर लावायला सांगत नाही. आणि उन्हाळ्यात दुपारी गल्लीतले सगळे कूलर-एसी चालू, संध्याकाळी मोटर चालू झाली की ट्यूब मंद होते, त्या व्होल्टेज डिपमध्ये मॉनिटर चालू राहतो, मशीनही चालू राहते, पण कमजोर झालेला पॉवर सप्लाय डिस्कला नीट वीज देऊ शकत नाही आणि मग ते १५३, १२९ येतात. ३.५ इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि तिचं सर्किट ५ व्होल्टवर, यातलं काहीही डगमगलं की लिहिता लिहिता चूक. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग बघून घ्या, ते डिस्कपेक्षा तुमच्या जिवासाठी.

कूलरबद्दलही सांगून ठेवतो. पुष्कळ घरी कॉम्प्युटर कूलरच्या थेट हवेत असतो, गार राहील म्हणून. ती ओली हवा असते, धुळीबरोबर जाऊन कनेक्टरवर बसते. मशीन कूलरच्या झोतातून बाजूला घ्या, वर्षातून एकदा, शक्यतो मार्चमध्येच, आतली धूळ काढा. बहुतेक डेस्कटॉप हार्ड डिस्कना कंपनीनं ६० अंशांपर्यंतची मर्यादा दिलेली असते, मी ५० च्या आत राहील असं बघतो, क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तापमान दिसतंच. नवतपात ते वर जात असेल तर डिस्कच्या समोर एक छोटा फॅन लावला तरी फरक पडतो.

रॅमची तपासणी लोक टाळतात कारण वेळ लागतो. पण खराब रॅम सगळ्यात लबाड, कारण डिस्क बिचारी जे मिळालं ते इमानदारीनं लिहिते, मिळालेलंच चुकीचं असतं. मेमटेस्ट८६ प्लस हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर पेनड्राईव्हवर टाकून त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू द्या. एकही एरर चालत नाही, ‘एकच तर आहे’ असं रॅममध्ये नसतं. एरर आला तर बायोसमधलं (मशीन चालू होताना उघडायच्या सेटिंगमधलं) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग, बंद करून परत बघा, मग एक-एक पट्टी काढून बघा.

आता सेटिंग. स्पीड वाढवायचे व्हिडिओ बघून पुष्कळांनी एक गोष्ट केलेली असते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉलिसीज. तिथे दोन टिक असतात. पहिली राईट कॅशिंगची, म्हणजे लिहायचा डेटा आधी कॅश नावाच्या तात्पुरत्या मेमरीत ठेवायची, ती असू द्या. दुसरी ‘टर्न ऑफ विंडोज राईट-कॅश बफर फ्लशिंग’, ती टिक असेल तर आत्ताच्या आत्ता काढा. ती चालू असली की विंडोज डिस्कला ‘कॅशमधलं आता खरोखर लिहून टाक’ असं सांगणंच सोडून देतं, आणि मी वर ज्या जर्नलचं सांगितलं त्याचा भरवसाच त्या सांगण्यावर आहे. अशात लाईट गेली की जर्नलही वाचवत नाही.

इंजिनिअरिंगच्या पोरांकडे विंडोज आणि उबंटू दोन्ही असतं, त्यांच्यासाठी वेगळं कारण. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं, त्यात शटडाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धं हायबरनेट होतं आणि डिस्कची उघडी अवस्था लक्षात ठेवतं. मधे तुम्ही उबंटूतून जबरदस्तीनं डी ड्राईव्हवर लिहिलं की विंडोज परत उठल्यावर त्याच्या डोक्यातलं आणि डिस्कवरचं जुळत नाही. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा. आणि उबंटूतलं एनटीएफएसफिक्स म्हणजे चेकडिस्क नव्हे, ते थोडी मलमपट्टी करून विंडोजला पुढच्या वेळी तपासायला सांगतं एवढंच.

एक्स्टर्नल डिस्क आणि पेनड्राईव्ह बहुतेक एक्सफॅट या दुसऱ्या फाईल सिस्टीममध्ये असतात, त्यात जर्नल नसतं, म्हणून टीव्हीतून तशीच उपटून काढली की बिघडते. डेस्कटॉपला लावताना मागच्या पोर्टला लावा. आणि अगदी स्वस्तात मिळालेला १ टीबीचा पेनड्राईव्ह सारखा करप्ट होत असेल तर एच२टेस्टडब्ल्यू हे खरी जागा तपासायचं सॉफ्टवेअर चालवून बघा, खोटी कपॅसिटी असलेले पुष्कळ विकले जातात.

एवढं सगळं झाल्यावर, आता चेकडिस्क. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, पहिले स्लॅश स्कॅन लावून चालवा (डी ड्राईव्हसाठी chkdsk d: /scan), ते विंडोज चालू असतानाच बघतं. काही सापडलं तर स्लॅश एफ. सी ड्राईव्हला विचारेल पुढच्या स्टार्टला करू का, वाय दाबा. स्लॅश आर फक्त तेव्हा, जेव्हा डेटा बाहेर आहे आणि मोठ्या डिस्कला रात्रभर वेळ द्यायची तयारी आहे, एसएसडीवर मी ते चालवतच नाही. चालू असताना बटण दाबून बंद करू नका, तेवढ्या वेळात लाईट गेली तर धरेल असा यूपीएस हवा. झाल्यावर ‘फाउंड’ आणि तीन शून्य असं फोल्डर दिसलं तर लगेच डिलीट करू नका, त्यात सापडलेले तुकडे असतात, कधी कधी फोटो पूर्ण निघतात. सी ड्राईव्हच्या बाबतीत मग विंडोजच्या स्वतःच्या फाईली दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड, डिझमचं रिस्टोअर हेल्थ आणि त्यानंतर एसएफसी स्कॅन नाऊ, याच क्रमानं.

नवी डिस्क घ्यायची वेळ आलीच तर घरी आणल्या आणल्या क्रिस्टलडिस्कइन्फो लावा आणि पॉवर ऑन अवर्स बघा. नवी म्हणून घेतलेल्या डिस्कवर हजारो तास दिसले तर ती वापरलेली आहे, त्याच दिवशी बिलासकट परत करा. जुनी टाकून देण्याआधी तिचा सीरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटी बघा, बऱ्याच जणांची शिल्लक असते आणि त्यांना माहीतच नसतं.

आणि नवी डिस्क, नवी केबल, रॅम स्वच्छ, यूपीएस ठीक, आणि तरीही १५३, ५५ येतच असतील तर राहिले दोघं, पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डचं पोर्ट. पोर्ट बदलणं फुकटात होतं म्हणून ते आधी. मग ओळखीच्या कोणाकडून चांगला पॉवर सप्लाय दोन-चार दिवसांसाठी मागून आणा आणि लावून बघा, लॉग शांत झाला तर तुमचाच पॉवर सप्लाय, आणि नाही झाला तर मदरबोर्ड.